प्रकाश-उत्प्रेरक नॅनोचूर्णातील धातुमिश्रण

प्रकाश-उत्प्रेरक नॅनोचूर्णातील धातुमिश्रण म्हणजे प्रकाश पडताच रासायनिक अभिक्रिया घडवणाऱ्या अतिसूक्ष्म चूर्णात दुसऱ्या धातूचे आयन अल्प प्रमाणात मिसळणे. यालाच डोपिंग असेही म्हणतात. अशा चूर्णांपैकी सर्वाधिक अभ्यासलेले द्रव्य टायटॅनियम डायऑक्साइड हे होय. भिंतींच्या पांढऱ्या रंगात असते तेच. मिसळलेला धातू त्याची प्रकाश शोषण्याची शक्ती बदलतो, तशी त्याची स्फटिकरचनाही बदलतो. या दोहोंचा मेळ घालणे हीच या विषयातील खरी अडचण आहे.

टायटॅनियम डायऑक्साइडची ॲनाटेज, रुटाइल व ब्रूकाइट ही तीन रूपे निसर्गात आढळतात. १९७२ साली अकिरा फुजिशिमा व केनिची होंडा यांनी पाण्याचे प्रकाशीय विघटन दाखवले ते रुटाइल वापरून. तथापि सेंद्रिय प्रदूषके नष्ट करण्यात बहुधा ॲनाटेज सरस ठरते. त्याचा ऊर्जापट्टा-अंतराल सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने ते केवळ अतिनील किरण शोषते, आणि सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेत त्यांचा वाटा जेमतेम ५ टक्के असतो.

लोह मिसळल्यास चूर्ण पिवळसर होते व दृश्य प्रकाशही शोषू लागते. लोहाच्या त्रिभारी आयनाची त्रिज्या (०.६४५ अँगस्ट्रॉम) टायटॅनियमच्या आयनाशी (०.६०५ अँगस्ट्रॉम) जुळती असल्याने तो टायटॅनियमची जागा सहज घेतो. मात्र त्याचा भार चारऐवजी तीन असतो. हा तोटा भरून निघण्यासाठी दर दोन लोह-आयनांमागे ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. ॲनाटेजमधील प्रत्येक अष्टफलक शेजाऱ्यांशी चार कडा वाटून घेतो, रुटाइलमधील दोनच. एका रूपातून दुसऱ्यात जाताना बंध तुटून नव्याने जुळावे लागतात आणि रिकाम्या जागांमुळे ते सोपे होते. परिणामी शुद्ध चूर्णात साधारणपणे ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे होणारे रूपांतर लोहयुक्त चूर्णात भट्टीत भाजताना आधीच सुरू होते. प्रकाश मिळवण्यासाठी घातलेले लोह अशा रीतीने ॲनाटेजच घालवू शकते.

लँथॅनमचे वर्तन याच्या उलट असते. त्याचा आयन (१.०३ अँगस्ट्रॉम) जाळीत मावत नाही, तो बहुतांशी कणांच्या पृष्ठभागी राहतो, कण एकमेकांत मिसळून वाढू देत नाही आणि ॲनाटेज टिकवतो. पंचभारी नायोबियम ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा घटवून रूपांतर लांबवते.

प्रमाणाचे महत्त्व विरजणासारखे आहे. चॉय, टर्मिन व हॉफमन यांनी १९९४ साली २१ धातु-आयन तपासले. लोह, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम आदींनी ०.१ ते ०.५ टक्के प्रमाणात क्रियाशीलता वाढवली, तर कोबाल्ट व ॲल्युमिनियम यांनी ती घटवली. धातू अधिक झाल्यास प्रकाशाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन त्याच्याच आयनांपाशी अडकून वाया जातात.

रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत सापडणारे इल्मेनाइट हे लोह व टायटॅनियमचेच संयुक्त ऑक्साइड आहे. पांढरे चूर्ण मिळवण्यासाठी त्यातील लोह आधी काढून टाकावे लागते. डोपिंगमध्ये तेच पुन्हा मोजूनमापून घालतात.

चूर्णात कोणते रूप आहे हे क्ष-किरण विवर्तनाने कळते. तांब्याचे क्ष-किरण वापरल्यास ॲनाटेजचे मुख्य शिखर सुमारे २५.३ अंशांवर व रुटाइलचे २७.४ अंशांवर दिसते. शिखर जितके रुंद, तितके स्फटिक लहान.