रोलर कोस्टरमध्ये बसायचं कुठं?

खोपोलीच्या इमॅजिकाला हॉस्टेलमधून एखादी टोळी गेली, की 'नायट्रो'च्या रांगेत एक सल्ला हमखास ऐकू येतो - "घाबरतोस ना? मग मागे बस, पुढचं काही दिसत नाही." हा सल्ला देणाऱ्याने मेकॅनिक्सचा पेपर कसा काढला, देव जाणे! पहिल्यांदा बसणाऱ्याला मागे पाठवणं म्हणजे त्याला मुद्दाम सगळ्यात मोठ्या झटक्यात ढकलणं.

नेहमीच्या रोलर कोस्टरला इंजिन नसतं. साखळी गाडीला पहिल्या चढावर ओढून नेते, पुढचं काम गुरुत्वाकर्षणाचं. डबे एकमेकांना जोडलेले, त्यामुळे एका क्षणी सगळ्यांचा वेग सारखाच. फरक एवढाच, की माथ्यावर कोण कधी पोचतो. पुढचा डबा माथा ओलांडतो तेव्हा बाकीची गाडी साखळीवर रखडत असते. गुरुत्वमध्य पलीकडे गेला की वेग वाढतो, आणि शेवटचा डबा माथ्यावर येईपर्यंत गाडी सुसाट सुटलेली असते.

आता आकडे घालून बघू. समजा साखळीचा वेग सेकंदाला २ मीटर आणि माथ्याच्या वळणाची त्रिज्या १० मीटर. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, उत्तर ०.४. म्हणजे ६० किलोच्या मुलाला पुढे बसून ५७-५८ किलो वजन जाणवेल. काही खास नाही. शेवटचा डबा माथ्यावर येईपर्यंत गुरुत्वमध्य ३ मीटर खाली गेला असं धरा. घर्षण सोडलं तर वेग होतो जवळजवळ ८ मीटर, उत्तर ६.३, आणि तोच मुलगा आता जेमतेम २१-२२ किलोचा! पोटात गोळा येतो तो इथे. त्रिज्या ६ मीटर केली तर तो सीटवरून चक्क उचलला जातो, धरून ठेवतो तो खांद्यावरचा दांडा.

पुढच्या टेकड्यांवर साखळी नसते. तिथे पहिला आणि शेवटचा डबा साधारण सारख्याच वेगात माथा ओलांडतात, मधला सर्वांत हळू. खोलगट भागात उलटं, मधल्यांवर दाब किंचित जास्त. पण तिथे वेग आधीच इतका असतो की हा फरक कळत नाही.

पुढच्या सीटची भीती डोळ्यांची. नायट्रोच्या गाडीला पायाखाली फळीच नाही, त्यामुळे पहिल्या रांगेत समोर फक्त रूळ आणि तोंडावर वारा.

म्हणून नवख्याला मध्ये बसवा. एकच फेरी मिळणार असेल तर मी डोळे झाकून शेवटची रांग घेईन. मानेचं किंवा पाठीचं दुखणं असेल तर मात्र कुठलीच सीट नको, खाली उभं राहून बॅगा सांभाळाव्यात. आणि हो, एका रांगेत चार जण असतात. गाडी गिरकी घेते तेव्हा कडेची सीट मोठ्या वर्तुळात फिरते, मधल्या दोन कमी. शेवटच्या रांगेतली कडेची जागा रिकामी दिसली तर मला हाक मारा.