लष्करातली सिस्टर व्हायचे असेल, तर तयारी नर्सिंग कॉलेजातच

आपल्या वस्त्यांतून नर्सिंगला जाणाऱ्या मुली आता सगळीकडे दिसतात. एखादी जिल्हा रुग्णालयाच्या कॉलेजात जी.एन.एम. करते, एखादी खासगी कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगला असते. पुढे काय, असे विचारले की उत्तरे ठरलेली असतात. शहरातले मोठे हॉस्पिटल, सरकारी भरती, किंवा आखाती देशातली नोकरी. लष्करातली नर्स होण्याचे नाव क्वचितच कोणी घेते. घरात विषय निघाला तरी 'तिथे आपल्या मुलींना कोण घेणार?' एवढ्यावर तो मिटतो.

हा प्रश्न मनातून काढून टाकायला हवा. या भरतीत धर्म पाहिला जात नाही. पदवी, वय, नोंदणी, परीक्षा आणि तब्येत पाहिली जाते. मुली मागे पडतात त्या बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणांनी. कोणी चुकीचा कोर्स निवडलेला असतो, कोणाच्या कागदांवरची नावे जुळत नाहीत, तर कोणाला जाहिरात निघाल्याचेच कळत नाही. या तिन्ही गोष्टी कॉलेजात असतानाच मार्गी लावता येतात.

ही सेवा आहे तरी काय?

तिचे नाव मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस. तिची सुरुवात आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. २८ मार्च १८८८ रोजी दहा इंग्रज परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या. भारतातल्या लष्करी रुग्णालयांतल्या शुश्रूषेची घडी बसवण्यासाठी त्यांना आणले होते. पुढे १ ऑक्टोबर १९२६ रोजी या सेवेला कायमचे स्वरूप मिळाले. म्हणून आजही १ ऑक्टोबर हा तिचा स्थापना दिन मानतात. १९४३च्या अध्यादेशाने ही सेवा सैन्यदलांचा भाग झाली आणि तिच्यातल्या परिचारिकांना कमिशन्ड अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला.

इथे भरती होणारी मुलगी पहिल्या दिवसापासून लेफ्टनंट असते. बढतीची वाट मेजर जनरल या पदापर्यंत जाते. सध्या ही भरती महिलांसाठीच आहे. मूळ पगार आणि इतर भत्त्यांशिवाय सातव्या वेतन आयोगाप्रमाणे दरमहा १०,८०० रुपये 'मिलिटरी सर्व्हिस पे' मिळतो. राहण्याची आणि औषधपाण्याची सोय असते. बदली मात्र देशात कुठेही होऊ शकते.

दोन दरवाजे

पहिला दरवाजा बारावीनंतरचा. सैन्यदलांची स्वतःची सहा नर्सिंग महाविद्यालये आहेत. त्यांतली दोन महाराष्ट्रात आहेत, पुण्याचे ए.एफ.एम.सी. आणि मुंबईत कुलाब्याचे आय.एन.एच.एस. अश्विनी. अलीकडच्या वर्षांत सहाही ठिकाणी मिळून २२० जागा असतात, त्यांपैकी पुणे आणि मुंबई इथे प्रत्येकी ४०. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन बारावी पहिल्याच प्रयत्नात किमान ५० टक्क्यांनी उत्तीर्ण व्हावे लागते. २०२२पासून 'नीट' परीक्षाही आवश्यक आहे. त्यानंतर इंग्रजी आणि सामान्य बुद्धिमत्तेची संगणकावरची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. मुलगी अविवाहित असावी लागते. घटस्फोटित, कायदेशीर विभक्त किंवा विधवा असल्यास अपत्याची जबाबदारी नसावी, अशी अट आहे. चार वर्षांचे शिक्षण सरकारी खर्चाने होते. त्याच्या बदल्यात नंतर सेवा करण्याचे हमीपत्र द्यावे लागते. मध्येच सोडले तर पैसे भरावे लागतात. घरात बारावीची मुलगी असेल तर हा रस्ता आधी पाहा.

दुसरा दरवाजा आज नर्सिंग कॉलेजात शिकणाऱ्या मुलींसाठी आहे. त्याला 'शॉर्ट सर्व्हिस कमिशन' म्हणतात. २०२३-२४ची भरती नॅशनल टेस्टिंग एजन्सीच्या परीक्षेतून झाली. तिच्या अटी साध्या शब्दांत अशा होत्या :

• बी.एस्सी. नर्सिंग, पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग किंवा एम.एस्सी. नर्सिंग यांपैकी एक पदवी.
• शिक्षणसंस्था इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता असलेली.
• राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नर्स आणि मिडवाइफ अशी नोंदणी.
• वय साधारण २१ ते ३५ वर्षे.

संगणकावरच्या परीक्षेत नर्सिंग, इंग्रजी आणि सामान्य बुद्धिमत्ता हे विषय असतात. त्यानंतर मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. ही भरती दरवर्षी ठरलेल्या तारखेला निघत नाही आणि अर्जाची मुदत थोड्या दिवसांची असते. जाहिरात आल्यावर कागद गोळा करू म्हणणारी मुलगी तिथेच मागे पडते. विवाहाबाबतची अट त्या त्या जाहिरातीत वाचून घ्यावी.

जी.एन.एम. करणाऱ्या मुलींनी हिशेब समजून घ्यावा

आपल्याकडे बऱ्याच मुली जी.एन.एम.ला जातात. तीन वर्षांत कोर्स संपतो आणि नोकरी लवकर मिळते. त्यात वावगे काही नाही. पण वरच्या अटींत नुसता जी.एन.एम. डिप्लोमा बसत नाही. म्हणून निराश व्हायचे कारण नाही. जी.एन.एम.नंतर दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. कोर्स केला की तीच पदवी हातात येते. अठराव्या वर्षी सुरुवात केलेली मुलगी अशा रीतीने तेवीस-चोवीस वर्षांची होते आणि वयाची मर्यादा पस्तीसची आहे.

अजून प्रवेश घ्यायचा असेल आणि परिस्थिती परवडत असेल, तर चार वर्षांची बी.एस्सी. निवडावी. महाराष्ट्रात तिच्यासाठी राज्याची वेगळी सीईटी असते. प्रवेश घेताना कॉलेजच्या इमारतीपेक्षा मान्यतेचा कागद पाहावा. कौन्सिलची मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे वडिलांनी किंवा भावाने स्वतः विचारावे. मान्यता नसलेल्या कॉलेजात भरलेली लाखभर रुपयांची फी परत मिळत नाही आणि त्या पदवीवर हा अर्जही करता येत नाही.

नावाचा घोळ

आपल्या घरांत हा अडथळा फार आढळतो. शाळेच्या दाखल्यावर 'शेख', आधारवर 'शैख', बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि कॉलेजच्या कागदांवर शेवटी. कुठे 'फातिमा', कुठे 'फातेमा', कुठे नावापुढे 'बी' किंवा 'बानो' जोडलेले. वडिलांचे नाव एका कागदावर 'मोहम्मद', दुसऱ्यावर नुसते 'मो.'. इंग्रजी अक्षरे तर प्रत्येक कारकुनाने आपापल्या मनाने लिहिलेली असतात. बोलताना यात काही बिघडत नाही. भरतीच्या टेबलावर मात्र ही दोन वेगळी माणसे ठरू शकतात.

यावर सरळ उपाय असा की दहावीचे प्रमाणपत्र हा पाया मानावा आणि बाकीचे सगळे कागद त्याच्याशी जुळवून घ्यावेत. दहावीच्या प्रमाणपत्रातच चूक असेल तर शाळेमार्फत बोर्डाकडे दुरुस्तीसाठी अर्ज करावा. नाव मुळातच बदलायचे असेल तर शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावे लागते. या कामांना महिने लागतात, म्हणून ती पहिल्या-दुसऱ्या वर्षातच उरकावीत. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी ज्या नावाने होते तेच नाव पुढे चालते. त्यामुळे निकाहनंतर आडनाव बदलायची घाई करू नये. आपल्या शरीयतमध्येही वडिलांचे नाव सोडण्याची सक्ती नाही.

कॉलेजची चार वर्षे अशी वापरावीत

पहिल्या वर्षी कागद नीट करावेत आणि इंग्रजी सुरू करावे. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलीला इंग्रजीची धास्ती असते. रोज अर्धा तास इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचले तरी दोन वर्षांत जीभ मोकळी होते. मुलाखतीत अलंकारिक इंग्रजी कोणी मागत नाही. विचारलेले समजावे आणि सरळ उत्तर देता यावे, इतके पुरते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी वॉर्डातल्या कामाकडे लक्ष द्यावे. परीक्षेतले नर्सिंगचे प्रश्न पाठांतरापेक्षा वॉर्डातून सुटतात. सलाईनचा वेग, औषधाची मात्रा, रक्तस्राव झालेल्या रुग्णाची पहिली काळजी, बाळंतिणीची देखभाल हे हाताने केलेले असले की लक्षात राहते. रोजचे केस रजिस्टर नीट लिहिण्याची सवय इथे कामी येते.

तब्येतीकडेही याच काळात पाहावे. वैद्यकीय तपासणीत छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी होते. रक्त, नजर, वजन सगळे पाहिले जाते. आपल्या घरांत मुली सगळ्यांचे ताट वाढून उरलेसुरले खातात आणि अंगात रक्त कमी राहते. हॉस्टेलवरच्या मुलीचा नाश्ता तर चहा-पावावर भागतो. हिमोग्लोबिनची तपासणी कॉलेजच्याच हॉस्पिटलात करून घ्यावी आणि त्यावर उपचार करावेत. ते एका आठवड्यात वाढत नाही.

शेवटच्या वर्षी निकाल लागताच महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणीचा अर्ज करावा. मैत्रिणी जमल्या की एकदमच जाऊ म्हणत सहा महिने घालवू नयेत. 'रोजगार समाचार' आणि लष्कराच्या भरतीचे अधिकृत संकेतस्थळ नियमित पाहावे. पैसे घेऊन जागा मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवावे.

हीच तयारी एम्सच्या 'नॉरसेट' परीक्षेला आणि इतर सरकारी भरतीलाही उपयोगी पडते. त्यामुळे लष्करात निवड झाली नाही तरी मेहनत वाया जात नाही.

लग्नाचे काय?

आईवडिलांचा खरा प्रश्न हा असतो. एक काळ असा होता की या सेवेतल्या मुलीने लग्न केले म्हणून तिला नोकरीतून काढता येत असे. लेफ्टनंट सेलिना जॉन यांना १९८८मध्ये याच कारणाने घरी पाठवण्यात आले. १९७७चा तो नियम १९९५मध्ये मागे घेतला गेला. सेलिना जॉन मात्र लढत राहिल्या. फेब्रुवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लग्नाच्या कारणावरून स्त्रीला नोकरीतून काढणे हा भेदभाव असल्याचे सांगून त्यांना ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तेव्हा 'लग्न झाले की नोकरी जाते' ही भीती आता जुनी झाली.

बदल्यांचा प्रश्न मात्र खरा आहे. नवरा औरंगाबादेत दुकान चालवतो आणि बायकोची बदली आसामात, असे होऊ शकते. म्हणून स्थळ पाहतानाच मुलीची नोकरी काय आहे, हे समोरच्यांना स्पष्ट सांगावे. शॉर्ट सर्व्हिस ही ठरावीक वर्षांची सेवा आहे, हेही समजून घ्यावे. लष्करी अधिकाऱ्याला पेन्शनसाठी साधारण वीस वर्षांची सेवा लागते. त्यामुळे शॉर्ट सर्व्हिसच्या पगारातून पहिल्या महिन्यापासून बचत करायला हवी.

दीन आणि ड्युटी

काही घरांत विचारले जाते की परक्या पुरुषांची शुश्रूषा मुलीने करावी का? हजरत रुफैदा असलमिया (रजि.) यांचे नाव इथे आठवते. पैगंबर हजरत मुहम्मद (सल्ल.) यांच्या काळात मदीनेच्या मस्जिदीत त्यांचा तंबू होता आणि खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांना तिथे ठेवण्यात आले होते. जखमींची सेवा करणाऱ्या स्त्रिया आपल्या इतिहासात आहेत.

तरीही काही गोष्टी अर्ज करण्यापूर्वीच मनाशी स्पष्ट असाव्यात. लष्करात गणवेश ठरलेला असतो आणि त्यात आपल्या मर्जीने बदल करता येत नाही. नाईट ड्युटी असते. रुग्ण बहुतेक जवान असतात. जेवणाची अडचण शाकाहारी जेवणाने सुटते, पण रमजानात ड्युटी आणि रोजा यांचा मेळ स्वतः घालावा लागतो. ज्या मुलीला यातली एखादी गोष्ट मान्य होणार नाही, तिने दुसरीकडे चांगली नोकरी करावी. त्यात कमीपणा नाही. जिला मान्य आहे, तिने घरातल्या मोठ्यांशी आणि गरज वाटल्यास एखाद्या जाणत्या आलिमांशी मोकळेपणाने बोलावे. निवड झाल्यावर घरात वाद होण्यापेक्षा आधी बोललेले बरे.

घरात नर्सिंगला शिकणारी मुलगी असेल तर या आठवड्यात एक काम करा. तिचे दहावीचे प्रमाणपत्र, आधार कार्ड आणि कॉलेजचे ओळखपत्र टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. तिन्हींवरचे नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख एकेक अक्षर करून वाचा. फरक दिसला तर दुरुस्तीचा अर्ज याच महिन्यात द्या.