फाइलस्वामित्व व परवानग्या, बॅकअप सर्व्हरवरील

संगणकांतील माहितीच्या राखीव प्रती साठविणाऱ्या सर्व्हरवर कोणती फाइल कोणाच्या मालकीची असावी आणि ती कोणास वाचता, बदलता वा चालविता यावी, हे ठरविण्याची व्यवस्था. राखीव प्रती घेणाऱ्या आज्ञावलीस मूळ संगणकावरील सर्व फाइली वाचता याव्या लागतात. उलट तिने साठविलेल्या प्रती इतर कोणासही वाचता येऊ नयेत. या दोन गरजांचा मेळ घालणे हा या व्यवस्थेचा हेतू होय.

येथे वर्णिलेली पद्धत यूनिक्स या प्रचालन प्रणालीतील असून लिनक्समध्येही ती रूढ आहे. यूनिक्सच्या विकासास १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन, डेनिस रिची इत्यादींनी प्रारंभ केला. तीत प्रत्येक फाइलीस एक मालक व एक गट असतो. मालक, गटातील सदस्य व इतर या तीन वर्गांना वाचन (४), लेखन (२) व चालन (१) या परवानग्या स्वतंत्रपणे दिल्या जातात. प्रत्येक वर्गाच्या अंकांची बेरीज करून तीन अंकी संख्या बनते. उदा., ६४० म्हणजे मालकास वाचन व लेखन, गटास केवळ वाचन आणि इतरांस मज्जाव. परवानगी ‘सीएचमॉड’ या आज्ञेने, तर मालक ‘सीएचओन’ या आज्ञेने बदलतात.

फोल्डरच्या बाबतीत चालन म्हणजे आत प्रवेश, तर लेखन म्हणजे आतील फाइली निर्माण करण्याची वा काढून टाकण्याची मुभा. त्यामुळे फाइल केवळ वाचनीय असली, तरी तिचे फोल्डर सर्वांस खुले असल्यास ती सामान्यतः कोणासही नष्ट करता येते.

‘बॅक्यूला’ या आज्ञावलीत ही विभागणी स्पष्ट दिसते. मूळ संगणकावरील तिचा घटक सर्वाधिकारी ‘रूट’ या नावाने चालतो, कारण त्यास सर्व काही वाचावयाचे असते. सर्व्हरवरील नियंत्रक घटक मात्र सामान्यतः मर्यादित अधिकारांच्या स्वतंत्र खात्याखाली चालवितात. त्याच्या मांडणीच्या फाइलींत परवलीचे शब्द असल्याने त्या इतरांस वाचता येऊ देत नाहीत. अशी फाइल चुकून रूटच्या एकट्याच्या मालकीची झाल्यास नियंत्रकास ती वाचता येत नाही व काम थांबते. अशा वेळी घाईने ७७७ ही सर्वमुक्त परवानगी देणे घातक ठरते. साठ्यास ती दिल्यास मूळ संगणकावर गुप्त राखलेली माहिती प्रतीच्या मार्गाने उघडी पडते.

यूनिक्समध्ये फाइलीजवळ मालकाचे नाव नव्हे, तर क्रमांक नोंदलेला असतो. नव्या संगणकावर तोच क्रमांक दुसऱ्याच व्यक्तीचा असल्यास परत आणलेल्या फाइली भलत्याच्या हाती जाण्याचा धोका संभवतो. म्हणून फाइली परत आणल्यावर स्वामित्व तपासणे अगत्याचे असते.

या व्यवस्थेसही मर्यादा आहे. रूटला या परवानग्यांचे बंधन सहसा नसते. त्याचे अधिकार परक्याच्या हाती गेल्यास सर्व्हरवरील सर्व प्रती नष्ट होऊ शकतात. म्हणून एक प्रत जाळ्यापासून अलग ठेवणे इष्ट ठरते.