जुन्या ट्रकला रंग कसा देतात?

या वेळच्या भित्तिपत्रकासाठी ‘घरात झालेले एक काम’ या विषयावर माहिती लिहून आणा, असे बाईंनी सांगितले. आमच्या अंगणात २०२५ च्या उन्हाळ्यात एक मोठे काम झाले. आमची जुनी चारशेसात गाडी आम्ही घरीच दुरुस्त करून रंगवली. त्याची ही माहिती.

‘चारशेसात’ म्हणजे टाटांचा छोटा ट्रक. टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीबरोबर जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. तो करार १९६९ साली संपला. पुढे १९८६ साली चारशेसात निघाली. घाटाच्या अरुंद वळणावर ती सहज वळते, म्हणून आपल्या पोलादपूर-महाडकडे तिला मान. आमची गाडी आजोबांनी घेतलेली. आंबे, पेंढा, चिरा, लग्नाचे सामान, सगळे तिने वाहिले आहे.

२२ जुलै २०२१ ला महाडला सावित्रीचा महापूर आला, तेव्हा गाडी महाडलाच उभी होती. ती केबिनपर्यंत बुडाली. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. त्या दुःखापुढे गाडीचे काय घेऊन बसायचे! तरी गाडी गेली म्हणजे बाबांचा रोजगार गेला. ते दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून जाऊ लागले. आठ-आठ दिवस घरी नसत. गाडी तीन पावसाळे अंगणात गंजत राहिली. भंगारवाला दोनदा येऊन वजनाचा भाव सांगून गेला. आजोबा म्हणाले, “इंजिन बरं हाय तवर भंगारात न्हाय द्यायची.”

इंजिनाचे थोडक्यात सांगते. पुरात बुडालेली गाडी पाणी ओसरल्यावर लगेच चालू करायची नसते. हवा दाबली जाते, पण पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर आतला दांडा वाकतो. बाबांनी किल्लीला हातच लावला नव्हता. मिस्त्रीने ऑइल सोडले तेव्हा ते दुधाच्या चहासारखे दिसले, म्हणजे त्यात पाणी मिसळलेले होते. ते सगळे साफ करून इंजिन वाचले. खरी पंचाईत पत्र्याची होती.

लोखंडाला हवा आणि पाणी दोन्ही मिळाले की गंज चढतो. आपण वर्गात खिळ्यांचा प्रयोग केला होता, आठवतो ना? कोरड्या बाटलीतला खिळा तसाच राहिला, पाण्यातला तांबडा झाला. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. तो आतून फुगतो आणि वरच्या रंगाला फोड येतात. म्हणून रंगावर फोड दिसला की समजावे, खाली पत्रा खाल्ला जातोय. आमच्या गाडीच्या चॅसीत आणि मडगार्डच्या आत पुराचा गाळ तसाच बसला होता. गाळ ओल धरून ठेवतो. बाहेरून बरा दिसणारा पत्रा तिथे आतून चाळणी झाला होता.

लोकांना वाटते रंगकाम म्हणजे ब्रश घेतला आणि फासला. तसे नाही. आमचे पंधरा दिवस नुसते खरवडण्यात गेले! आधी पाण्याने गाळ धुतला. मग बाबा हातोडीने हळूहळू ठोकत गेले. चांगला पत्रा खणखण वाजतो, गंजलेला भद्द वाजतो. भद्द वाजला तिथे मी खडूने फुली मारायची. फुलीची जागा कापून तिथे नवा पत्रा वेल्डिंगने जोडला. हौद्याच्या चार फळ्या कुजल्या होत्या, त्या ऐनाच्या घातल्या. उरलेला गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने काढला.

इथे आईने एक नियम केला. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि ते लहान मुलांच्या अंगात गेले तर मेंदूला अपाय होतो. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्या देशात २०१७ पासून कडक मर्यादा आहे, पण आमच्या गाडीवरचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणून पत्रा ओला करूनच घासायचा, तोंडाला फडके बांधायचे, खरवड गोणपाटावर गोळा करायची आणि विहिरीकडे जाऊ द्यायची नाही. धाकट्या भावाला तर मामाकडे पाठवून दिले. पालकांनीही हे जरूर लक्षात ठेवावे.

उघडा पत्रा कोकणच्या हवेत एका रात्रीत तांबूस होतो. म्हणून जेवढा भाग घासला तेवढ्यावर, तो वाळवून, थिनरने पुसून, त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात दिला. मग लांबी. लांबी म्हणजे खळगे भरायचा लगदा. त्यात हार्डनर अगदी थोडा मिसळायचा. थोड्याच वेळात लांबी घट्ट होते, म्हणून एका वेळी थापीवर मावेल तेवढीच कालवायची. ती पातळ थरांनी लावायची. जाड थर पुढे तडकतो. गंजावर लांबी मारणे म्हणजे शेणावर चुना लावणे, असे आजोबा म्हणतात. लांबी घासून वाळली की पुन्हा प्रायमर.

शेवटी रंग. मला निळा हवा होता, पण रंग जुनाच पिवळा दिला. गाडीच्या आरसी बुकात रंगाची नोंद असते. रंग बदलला तर तीही बदलून घ्यावी लागते. शिवाय आंबेनळीच्या धुक्यात पिवळी गाडी लांबून दिसते. सकाळचे दव सुकल्यावरच ब्रश धरायचा, कारण ओलीवर रंग धरत नाही. धूळ उडू नये म्हणून आधी अंगणात सडा घालायचा. एक हात पूर्ण वाळल्यावर दुसऱ्या दिवशी दुसरा हात. प्रायमरला तीन आणि रंगाला सहा लिटर लागले. सगळी घाई पावसाची होती. त्या वर्षी मोसमी पाऊस २५ मे लाच राज्यात आला! आमचा शेवटचा हात त्याआधी दहा दिवस झाला होता.

नावे लिहायला पेंटर बोलावले. पुढे ग्रामदेवतेचे नाव आले. मागच्या फाळक्यावर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहा, असे काका म्हणाले. पण महाराष्ट्रात २०१५ सालीच त्याला बंदी झाली, कारण ते वाचून लोक उगाच हॉर्न वाजवतात. तिथे आता नुसता कमळाचा वेल आहे. मला तोच जास्त आवडतो. पट्ट्या मात्र नियमाप्रमाणे चिकटवल्या. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे तांबडी. रात्री दिवा पडला की त्या चमकतात.

मग पासिंग. जुन्या मालवाहू गाडीला ते दरवर्षी करावे लागते. ब्रेक, दिवे, वायपर, धूर, सगळे तपासतात. चॅसीवर कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि छाप घेतात, आपण नाण्याचा घेतो तसा. त्या जागी रंगाचा जाड थर बसला तर छाप उठत नाही, म्हणून बाबांनी तिथे नुसते ग्रीस लावले होते. गाडी पेणला नेली तेव्हा आजोबा दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी फोन आला, “झाली पास!”

आता बाबा चिऱ्याच्या आणि शेतमालाच्या खेपा करतात आणि बहुतेक रात्री घरी असतात. पावसाळ्यात दर रविवारी मडगार्डच्या आतला चिखल धुण्याचे काम माझ्याकडे आहे. डाव्या पायरीखाली एक नवा फोड आला आहे. त्यावर मी खडूने फुली मारून ठेवली आहे.