फिजीतला पुस्तकांचा पूर

इंग्रजीच्या तासातली वाक्यांची घोकंपट्टी कमी करा, तो वेळ मुलांना गोष्टी वाचायला द्या, आणि दीड-दोन वर्षांनी त्यांची वाक्यं तपासा. ती आधीपेक्षा चांगली झालेली असतील. कुठल्याही अनुभवी शिक्षकाला हे सांगितलं तर तो विचारेल, शिकवल्याशिवाय येईल कसं? पण १९८०च्या सुमारास दक्षिण प्रशांत महासागरातल्या फिजी बेटांवर हेच घडलं, आणि रीतसर चाचण्या घेऊन ते पडताळलं गेलं.

फिजीतल्या खेड्यांत मुलं घरी फिजियन बोलायची. उसाच्या मळ्यांवर मजुरीसाठी नेलेल्या भारतीयांच्या वंशजांच्या घरात फिजी हिंदी असायची. शाळेची पहिली तीन वर्षं घरच्या भाषेत जायची आणि इंग्रजी हा नुसता एक विषय असायचा. चौथीपासून मात्र सगळं शिक्षणच इंग्रजीतून. इंग्रजीच्या तासाला ठरावीक साच्याची वाक्यं शिक्षकांमागून म्हणायची, आणि शाळेत वाचण्यासारखं फारसं काही नाही. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई या संशोधकांनी खेड्यांतल्या अशा आठ शाळा निवडल्या. चौथी-पाचवीची ३८० मुलं आणि त्यांच्या वर्गांसाठी इंग्रजी गोष्टींची २५० सचित्र पुस्तकं. तुलनेसाठी आणखी २३४ मुलं घेतली. त्यांचा तास पूर्वीसारखाच चालू राहिला. शिक्षणशास्त्रात हा प्रयोग ‘बुक फ्लड’, म्हणजे पुस्तकांचा पूर, या नावाने प्रसिद्ध आहे.

पुस्तकं मिळालेल्या वर्गांच्या सोळा शिक्षकांपैकी निम्म्यांनी पुस्तक सगळ्यांसमोर धरून मुलांबरोबर वाचायचं, असं ठरलं. उरलेल्या निम्म्यांनी पुस्तकं मांडून ठेवायची आणि रोज वीस-तीस मिनिटं मुलांना आपापलं, मनातल्या मनात वाचू द्यायचं. वाचून झाल्यावर प्रश्नोत्तरं नाहीत, स्वाध्याय नाही.

आठ महिन्यांनी चाचण्या झाल्या. पुस्तकं मिळालेली मुलं वाचून समजण्यात आणि ऐकून समजण्यातही नेहमीच्या दुप्पट वेगाने पुढे गेली होती. वीस महिन्यांनी हे अंतर आणखी वाढलं आणि भाषेच्या इतर कौशल्यांतही दिसू लागलं.

मला यातला दुसरा गट सारखा आठवत राहतो. ही मुलं गप्प बसून वाचत होती. त्यांची चूक कुणी दुरुस्त करत नव्हतं, शब्दार्थ फळ्यावर लिहून देत नव्हतं. तरी भाषा त्यांच्यात उतरत होती. कुठून?

याचं थोडं उत्तर एलींनीच पुढे शोधलं. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी न्यूझीलंडमधल्या सात-आठ वर्षांच्या मुलांना वर्गात गोष्टी वाचून दाखवायला शिक्षकांना सांगितलं. गोष्टीतल्या अनोळखी शब्दांची चाचणी आधी घेतली आणि नंतरही. पहिल्या प्रयोगात काहीही समजावून न सांगता, नुसतं ऐकून मुलांचे गुण सरासरी १५ टक्क्यांनी वाढले. शिक्षकांनी वाचता वाचता शब्दाचा अर्थ एखाद्या वाक्यात सांगितला, तेव्हा ही वाढ दुपटीहून अधिक झाली. काही काळाने पुन्हा चाचणी घेतली, तर शब्द बरेचसे टिकून होते. आणि मुळात ज्यांचा शब्दसंग्रह तोकडा होता, त्या मुलांनीही इतरांइतकीच कमाई केली होती. शाळेत सहसा उलटं होतं, जो पुढे असतो तोच आणखी पुढे जातो. म्हणून हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो.

कोणते शब्द पक्के होतात, हेही एलींनी पाहिलं. जे गोष्टीत पुन्हा पुन्हा येतात, जे चित्रात दिसतात, आणि ज्यांचा अर्थ आजूबाजूच्या वाक्यांतून उलगडतो ते. चांगल्या बालपुस्तकाची घडणच अशी असते. कोल्हा तीनदा येतो, तीनदा तेच विचारतो, आणि प्रत्येक पानावर तो डोळ्यांसमोर असतो. पुढे काय होणार हे कळल्याशिवाय मुलाला राहवत नाही, म्हणून ते एकच वाक्य कंटाळा न करता पुन्हा वाचतं. घोकंपट्टीतही पुनरावृत्ती असते, पण तिथे पुढे काहीच होणार नसतं.

पहिल्या गटातली, मुलांबरोबर वाचण्याची पद्धत डॉन होल्डवे या न्यूझीलंडच्याच शिक्षणतज्ज्ञाने घडवली. आईच्या कुशीत बसून मूल रोज तीच गोष्ट मागतं, त्यातून त्यांना ती सुचली. मूल एक आणि पुस्तक मांडीवर, हे वर्गात कसं आणायचं? त्यांनी पुस्तकच मोठं केलं, शेवटच्या रांगेतल्या मुलाला अक्षरं दिसतील एवढं. पहिल्या दिवशी मुखपृष्ठ पाहून मुलं अंदाज बांधतात आणि शिक्षक शब्दांवर बोट फिरवत वाचतात. दुसऱ्या दिवशी मुलंच पुढची ओळ म्हणू लागतात. मग गोष्टीचं नाटक होतं, चित्रं होतात, तिचा वेगळा शेवट लिहिला जातो. फिजीतल्या लहान वर्गात या पद्धतीचा फायदा थोडा जास्त दिसला.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. फिजीच्या त्या मुलांना अक्षरं येत होती. पुस्तकांची रास समोर ठेवली म्हणून मूल आपोआप वाचू लागत नाही. मराठीत मुळाक्षरं, बाराखडी, जोडाक्षरं शिकवावीच लागतात आणि नीट शिकवावी लागतात. पण ‘आधी वाचायला शिकू दे, मग गोष्टीची पुस्तकं देऊ’ हा क्रम मला मान्य नाही. एकेक अक्षर जुळवत मूल एखादा नवा शब्द स्वतः उलगडतं, तेव्हा त्या शब्दाचं रूप त्याच्या स्मृतीत बसतं, आणि असे शब्द पुन्हा पुन्हा उलगडायला एकटं पाठ्यपुस्तक पुरत नाही.

आपल्याकडे पालघर जिल्ह्यातल्या मुलांची स्थिती फिजीच्या मुलांपासून फार दूर नाही. घरात वारली, कोकणा किंवा कातकरी आणि पुस्तकात प्रमाण मराठी. तिथे सोनाळे गावात ‘क्वेस्ट’ ही संस्था काम करते. तिच्या ‘गोष्टरंग’ उपक्रमात कलाकार आश्रमशाळांत जाऊन बालपुस्तकांतल्या गोष्टी मुलांसमोर सादर करतात. अभिनेत्री गीतांजली कुलकर्णी या कामाशी जोडलेल्या आहेत. होल्डवे यांनी पुस्तक मोठं केलं, इथे ते थेट माणसांच्या अंगात उतरतं. मग तीच गोष्ट पुस्तकात भेटली की पात्रं, प्रसंग, संवाद ओळखीचे असतात. मुलाला झगडायचं असतं ते फक्त अक्षरांशी, आणि त्यातही पुढचा शब्द काय असेल याचा अंदाज हाताशी असतो.

मराठीत त्यासाठी पुस्तकं आहेत. माधुरी पुरंदरे यांनी स्वतः लिहिलेली आणि स्वतःच चित्रं काढलेली पुस्तकं घ्या, ‘राधाचं घर’ घ्या. रोजच्या घरातली माणसं त्यांत इतक्या साध्या वाक्यांत भेटतात की नुकतं वाचू लागलेलं मूल ती एकट्याने वाचू शकतं.

अडचण कपाटाची आहे. पुस्तकांची नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, असते, एखादं हरवलं किंवा फाटलं तर जबाबदारी शिक्षकावर येते, म्हणून अनेक शाळांत पुस्तकं कपाटात बंद, नवी कोरी राहतात. खडू झिजला तर त्याचा जाब कुणी मागत नाही. हाताळून हाताळून पानं सुटलेलं गोष्टीचं पुस्तकही त्याच हिशेबात धरावं आणि त्याच्या जागी नवं देण्याची तरतूद दरवर्षीच्या खर्चातच असावी.