जंतूची ओळख आणि जंतुभक्षकाची साक्ष

सन १९९४ च्या सप्टेंबर महिन्याचा तिसरा आठवडा. तापीच्या पुराचे पाणी ओसरून थोडेच दिवस झाले होते. सुरत शहरात, विशेषतः वेड रोडच्या परिसरात, ज्वर, खोकला आणि रक्तमिश्रित थुंकी या लक्षणांनी माणसे आजारी पडू लागली व त्यांतील काही दोन-तीन दिवसांतच दगावली. ‘प्लेग’ हा शब्द शहरभर पसरण्यास एक रात्र पुरली. टेट्रासायक्लीनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या, तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसांनी रेल्वे स्थानक भरून गेले आणि काही दिवसांतच लाखो लोकांनी शहर सोडले. यंत्रमागांवर राबणारे खानदेशातील मराठी कामगारही मुलाबाळांसह गावाकडे परतले. महाराष्ट्रात तर त्याच्या आदल्याच महिन्यात, बीड जिल्ह्यातील मामला या गावी, गाठींच्या प्लेगची लक्षणे दिसली होती.

देशात १९६६ नंतर माणसांतील प्लेगची नोंद झालेली नव्हती. त्यामुळे हा रोग खरोखर प्लेगच आहे काय, असा प्रश्न अनेक जाणकारांनी उघडपणे विचारला. प्रश्न केवळ पंडितांचा नव्हता. फुप्फुसांचा दाह करणारे जंतू अनेक आहेत. त्यांपैकी गुन्हेगार कोणता, यावर औषधाची निवड, रोग्याला वेगळे ठेवण्याचे नियम आणि शहराची चूलही अवलंबून होती. कारण काही देशांनी भारताशी विमानवाहतूक थांबविली होती आणि परदेशी व्यापारास धक्का बसत होता.

सूक्ष्मदर्शकाखाली प्लेगचा जंतू आखूड काडीसारखा दिसतो. रंग दिल्यावर त्याची दोन टोके गडद होतात व मध्यभाग फिका राहतो. परंतु असे रूप इतरही काही जंतू धारण करतात. चेहरेपट्टीवरून चोर ओळखावा, तर सारखे चेहरे पुष्कळ. अशा वेळी प्रयोगशाळा ज्या अनेक कसोट्या लावतात, त्यांतील एक मोठी विलक्षण आहे. त्या कसोटीत जंतूची ओळख त्याचा शत्रूच पटवितो.

हा शत्रू म्हणजे बॅक्टेरिओफाज, अर्थात जंतुभक्षक. तो एक विषाणू असून जंतूंच्याच शरीरात वाढतो. आग्रा येथील संशोधक हँकिन यांनी १८९६ मध्ये गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू नष्ट करणारे काहीतरी असल्याचे नोंदविले होते. पुढे १९१५ मध्ये इंग्लंडात ट्वॉर्ट यांना गोलाणूंच्या वसाहतींवर काचेसारखे पारदर्शक डाग दिसले, आणि १९१७ मध्ये पॅरिस येथे द’एरेल यांनी या अदृश्य भक्षकाला त्याचे आजचे नाव दिले. जंतुभक्षक जंतूच्या पृष्ठभागास चिकटतो, आपला आनुवंशिक ऐवज आत सोडतो, आत शेकडो पिले तयार होतात आणि अखेर जंतू फुटून जातो. मात्र चिकटण्यासाठी जंतूच्या अंगावर नेमकी खूण असावी लागते. कुलपाला किल्ली जुळावी तशी ती जुळली नाही, तर भक्षक उपाशीच राहतो. हाच त्याचा काटेकोर स्वभाव प्रयोगशाळेला उपयोगी पडतो.

परीक्षेची रीत सोपी आहे. उथळ काचपात्रात पोषक द्रव्य घातलेल्या अगारचा थर देतात व त्यावर संशयित जंतू सर्वत्र पसरवितात. मग प्लेगच्या जंतुभक्षकाचा एक थेंब त्यावर ठेवतात. पात्र उबदार जागी ठेवले की जंतूंची हिरवळीसारखी दाट साय धरते; परंतु भक्षकाला आपले भक्ष्य सापडले असेल, तर थेंबाच्या जागी स्वच्छ गोल खळगा पडतो. यातही एक बारकावा आहे. प्लेगच्या जंतूचा एक जवळचा भाऊबंद आहे, आणि ३७ अंश सेल्सिअसला तोही या भक्षकाला बळी पडू शकतो. २० ते २५ अंशांना मात्र प्लेगचाच जंतू विरघळतो. म्हणून दोन्ही उष्णतामानांवरील निकाल ताडून पाहतात.

परंतु जातीची ओळख पटली म्हणजे चौकशी संपतेच असे नाही. कधी जात ठाऊक असते आणि शोधायचे असते ते घराणे. स्टॅफिलोकॉकस हे द्राक्षांच्या घडासारखे पुंजके करणारे गोल जंतू याचे उत्तम उदाहरण होत. निरोगी माणसांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शाच्या नाकात त्यांचे बिऱ्हाड असते. एखाद्या प्रसूतिकक्षात तान्ह्या बाळांच्या अंगावर पुवाचे फोड येऊ लागले, तर ‘येथे स्टॅफिलोकॉकस आहे’ एवढे कळून काहीच उपयोग नाही. तो तर सर्वत्रच असतो. बाळाच्या फोडातील जंतू आणि एखाद्या परिचारिकेच्या नाकातील जंतू एकाच घराण्याचे आहेत काय, हा खरा प्रश्न.

त्यासाठी एक भक्षक पुरत नाही. १९४५ मध्ये इंग्लंडात विल्सन व अ‍ॅटकिन्सन यांनी अनेक भक्षकांच्या साहाय्याने या जंतूंचे प्रकार पाडण्याची पद्धत मांडली. तिच्यातून पुढे २३ भक्षकांचा आंतरराष्ट्रीय संच प्रचारात आला. पात्राखाली चौकटी आखून प्रत्येकीत एकेका भक्षकाचा ठराविक पातळ केलेला थेंब ठेवावयाचा आणि कोणकोणत्या चौकटींत खळगे पडले ते टिपावयाचे. ८० व ८१ क्रमांकांनी विरघळणारा जंतू ‘८०/८१’ म्हणून ओळखला गेला, आणि १९५० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियापासून अनेक देशांतील रुग्णालयांत त्याने बालकांना व परिचारिकांना पीडा दिली, हे या आकड्यांमुळेच उमगले. भारतात या कामासाठी नवी दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयात केंद्र स्थापन झाले. पद्धतीला मर्यादाही आहेत. काही जंतू संचातील एकाही भक्षकाला दाद देत नाहीत, आणि निकाल वाचण्यास सरावलेली नजर लागते. म्हणून आता जंतूची आनुवंशिक लिपी वाचूनच घराणे ठरविण्याकडे कल आहे.

सुरतेच्या प्रश्नाचा निकालही अखेर अनेक कसोट्यांच्या मेळातून लागला. डॉ. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने रोग प्लेगच असल्याचे मत दिले. पुढे २००० मध्ये हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रातील संशोधकांनी त्या जंतूंची आनुवंशिक लिपी तपासून तोच निष्कर्ष प्रसिद्ध केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार देशभरातील संशयित रुग्ण ८७६ व मृत्यू ५४ होते. आकडा दुःखद खरा. परंतु पळणाऱ्या लाखोंच्या मनातील भयाच्या मानाने तो किती लहान!

प्रयोगशाळा गुन्हेगाराचे नाव सांगते; त्याला थारा कोणी दिला, हे मात्र शहराने स्वतः शोधावयाचे असते. सुरतेने ते शोधले. १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत गल्लीबोळांतील कचरा नित्यनेमाने उचलला जाऊ लागला, आणि २०२३ च्या राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात सुरतेने इंदूरसह पहिला क्रमांक मिळविला. काचपात्रातील तो लहानसा स्वच्छ खळगा रोगाची ओळख पटवितो. रोग परतू नये यासाठी झाडू हातात घ्यावा लागतो तो नागरिकांनाच.