क्वाव ख्रुआ : थायलंडच्या अरण्यांतील एक कंद

‘झाडपाल्याचें औषध आहे, तेव्हां बाधणार नाहीं,’ हें वाक्य घरोघर ऐकूं येतें. कण्हेरीचें मूळहि झाडाचेंच असतें आणि तें जीव घेतें, ही गोष्ट त्या क्षणीं बोलणाराच्या ध्यानांत नसते. या समजुतीची परीक्षा पाहावयाची असेल, तर थायलंडांतील एका कंदाची हकीकत फार उपयोगीं पडेल. त्याच्या चूर्णाच्या व अर्काच्या गोळ्या आतां देशोदेशीं विकल्या जातात, आणि पाळी जाण्याच्या वयांतील स्त्रियांपासून विशीच्या आंतील मुलींपर्यंत पुष्कळजणी त्या कोणासहि न विचारतां घेतात.

थायलंडच्या उत्तरेकडील व पश्चिमेकडील पानझडी अरण्यांत ही मोठी वेल वाढते. ती शेंगा धरणाऱ्या वनस्पतींपैकीं, म्हणजे आपल्या पळसाच्या व उडदाच्या कुळांतली. उन्हाळ्याच्या तोंडीं तिला निळसर जांभळीं फुलें येतात. जमिनीखालीं कांद्यासारखे गोलसर, एकास एक लागून वाढलेले कंद असतात. ते कापले असतां आंतून पांढरे दिसतात. म्हणून तिकडे तिला ‘क्वाव ख्रुआ खाव’, म्हणजे पांढरी क्वाव ख्रुआ, असें म्हणतात. चिआंगमाई येथील लुआंग अनुसार्न सुंथॉर्न यांनीं १९३१ सालीं या कंदावर एक लहानशी पुस्तिका छापली. वृद्धांना त्यानें पुन्हां टवटवी येते अशी त्याची ख्याति होती. परंतु मात्रा मिऱ्याएवढ्या गोळीची, आणि तरुणांनीं तो घेऊं नये असा निर्बंध. जुन्या वैदूंचा हा निर्बंध आजच्या बाटल्यांवरील जाहिरातींपेक्षां कितीतरी शहाणपणाचा होता.

आरंभीं या वेलीची ओळखच नीट पटलेली नव्हती. पहिल्या लिखाणांत तिला पळसवेल समजत. ती निराळी जाति आहे हें ठरून ‘प्युएरारिया मिरिफिका’ हें नांव तिला १९५२ सालीं मिळालें. लॅटिन भाषेंत ‘मिरिफिका’ म्हणजे नवल करणारी. तें नवल करणारें द्रव्य मात्र त्यापूर्वींच, १९४० सालीं, जर्मन शास्त्रज्ञांनीं कंदांतून वेगळें काढलें होतें. त्यास पुढें मिरोएस्ट्रॉल म्हणूं लागले, व त्याची रासायनिक घडण १९६० सालीं उलगडली.

स्त्रीच्या बीजकोशांत एस्ट्रोजेन नांवाचा अंतःस्राव तयार होतो. गर्भाशय, स्तन, हाडें अशा अनेक ठिकाणच्या पेशींत त्याला घेणारीं जणूं कुलुपें असतात. मिरोएस्ट्रॉल व त्याचें भावंड डीऑक्सिमिरोएस्ट्रॉल यांची घडण अशी कीं, त्या कुलुपांत हीं द्रव्यें किल्लीप्रमाणें फिरतात. सोयाबीनमध्येंहि अशा प्रकारचीं द्रव्यें आहेत, पण तीं पुष्कळच सौम्य. पाळी थांबतांना शरीरांतील मूळ अंतःस्राव ओसरतो. त्यामुळें एकाएकीं अंगाची लाही होणें, रात्रीं घाम फुटून झोंप मोडणें, योनिमार्ग कोरडा पडणें हे त्रास सुरू होतात. थायलंडमधील रुग्णालयांत ५० व १०० मिलिग्रॅम चूर्ण रोज देऊन जे प्रयोग झाले, त्यांत या त्रासांना उतार पडल्याचें दिसलें. गुण आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. मात्र हे प्रयोग थोड्या स्त्रियांवर व थोडे महिने झालेले आहेत. त्यांवरून दहा वर्षें घेणाऱ्या बाईचें काय होईल हें सांगतां येत नाहीं. आणि स्तन वाढविणें किंवा तारुण्य परत आणणें हीं आश्वासनें तर विक्रेत्याचींच समजावीं.

जी किल्ली गुण देते तीच अपायहि करते. एकटें एस्ट्रोजेन दीर्घकाळ मिळाल्यास गर्भाशयाचें अस्तर जाड होत जातें व त्यांतून कर्करोगाचें भय निर्माण होतें. गर्भाशय असलेल्या स्त्रीस डॉक्टर हें औषध देतात तेव्हां जोडीला प्रोजेस्टेरॉनहि देतात, तें याचसाठीं. बाटलींतला कंद घेणाऱ्या बाईला हें जोड-औषध कोण देणार? पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर पुन्हां रक्त दिसलें, तर ‘शक्ति परत आली’ असें न मानतां ताबडतोब तपासून घ्यावें. स्तनाच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगावर उपचार झालेल्या, रक्ताची गुठळी होण्याची खोड असलेल्या, गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या आणि संततिनियमनाच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांनीं या कंदाच्या वाटेस जाऊं नये. बँकॉकमध्यें माकडिणींवर झालेल्या प्रयोगांत मोठी मात्रा रोज दिल्यानें त्यांची पाळीच बंद पडली. जपानांत तरुण मुली स्तनवृद्धीच्या आशेनें या गोळ्या घेऊं लागल्या. पाळी बिघडल्याच्या व अवेळीं रक्तस्रावाच्या तक्रारी इतक्या आल्या कीं, २०१७ सालीं तेथील ग्राहक-संस्थेनें जाहीर इशारा दिला, आणि २०२० पासून विशेष लक्ष ठेवावयाच्या चार द्रव्यांत सरकारनें या कंदाची गणना केली.

आतां हा माल येतो कोठून? वन्य कंदांची बेसुमार खणती होऊं लागल्यामुळें थायलंडच्या सरकारनें २००६ सालीं ही वनस्पति नियंत्रित ठरविली. लागवडहि होते. परंतु जमीन, ऋतु व कंदाचें वय यांप्रमाणें त्यांतील द्रव्य कमीअधिक होतें. त्यामुळें एका बाटलींतले १०० मिलिग्रॅम व दुसरींतले १०० मिलिग्रॅम यांचा जोर सारखा नसतो. शिवाय चूर्ण आणि अर्क यांत भेद आहे. अर्क आटविलेला असतो. शंभर मिलिग्रॅम अर्क किती कंदाचा, हें लिहिलेलें नसेल तर त्या आंकड्याला कांहीं किंमत नाहीं. त्या देशांत रोज १०० मिलिग्रॅमहून अधिक चूर्ण घेऊं नये अशी मर्यादा घातलेली आहे. ती अर्काला जशीच्या तशी लावूं नये. तांबडी व काळी म्हणून आणखी दोन क्वाव ख्रुआ आहेत. तांबडी म्हणजे आपली पळसवेलच; काळी खाजकुयलीच्या जातीची. पूड झाल्यावर या सरमिसळ झाल्या तर डोळ्यांनीं ओळखूं येत नाहींत. त्याला प्रयोगशाळाच लागते.

महाराष्ट्रांत घोटाळ्याला आणखी एक जागा आहे. आपल्याकडील विदारीकंद या वेलीचा सख्खा भाऊबंद खरा, पण तो तो नव्हे. विदारीकंदावरचे आयुर्वेदांतले दाखले या थाई कंदास लावतां येत नाहींत. त्यांतच ‘भुईकोहळा’ हें नांव विदारीकंदास चालतें तसें अगदीं निराळ्या कुळांतील क्षीरविदारीसहि चालतें. म्हणून नुसतें देशी नांव छापलेली बाटली घेऊं नये. शास्त्रीय नांव, चूर्ण कीं अर्क, मूळ द्रव्याचें प्रमाण आणि तपासणीचा दाखला, एवढें तरी विक्रेत्याकडे मागावें. ज्यांनीं गोळ्या आधींच सुरू केल्या असतील त्यांनीं डॉक्टरकडे जातांना बाटली सोबत न्यावी, व त्यांनीं विचारण्याची वाट न पाहतां पुढें ठेवावी. कारण ‘कोणतें औषध घेतां?’ या प्रश्नाला ‘कांहीं नाहीं’ असेंच उत्तर अशा वेळीं सहसा दिलें जातें.